उघडा ठेवलेला फॉर्म

"परत बघा, बाई. माझा नाव असतलाच."

परब चौथ्यांदा सांगत होते आणि मी चौथ्यांदा शोधत होते. आडनावाने शोधलं, गिरणीतल्या हजेरीच्या तिकीट नंबरने शोधलं, गिरणीच्या नावाने शोधलं. नाव नव्हतं.

बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांना घरं मिळणार होती. त्यासाठी परळच्या आमच्या ऑफिसात अर्ज भरून घेतले, मुदत संपली, यादी लागली. यादीत नाव असेल तरच सोडतीत नंबर. परब ब्याऐंशीच्या संपापर्यंत साचेखात्यात होते, म्हणजे माग चालवायचे. संपानंतर शिवडीच्या गोदामात हमाली केली. करी रोडच्या चाळीत एका खोलीत तीन भावांची बिऱ्हाडं. या यादीपलीकडे त्यांना घराची दुसरी आशा नव्हती.

"पावती आसा माझ्याकडे. सावंतान लिवून घेतल्यान, माझ्यासमोर."

पावती हाताने लिहिलेली होती. शेवटच्या दिवशी प्रिंटर बंद पडला होता. खाली सही खिडकीवरच्या सावंतांचीच.

मी तिथली सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते. सगळ्या नोंदी एका मोठ्या कॉम्प्युटरवर राहायच्या. तो सर्व्हर, आणि तो माझ्या एसी केबिनमध्ये. बाहेर खिडक्यांवर ऑपरेटरांचे कॉम्प्युटर, ते क्लायंट. क्लायंटच्या स्क्रीनवर टाइप केलेलं नुसतं दिसत असतं. सेव्ह दाबलं आणि सर्व्हरने ते घेतलं, तरच ती नोंद. हे मला इतकं पाठ होतं, की ते दुसऱ्याला सांगावं लागतं हेच विसरून गेले होते.

मी सावंतांना आत बोलावलं. ते पूर्वी एका गिरणीत टाइमकीपर होते, कामगारांच्या हजेरीचं मस्टर सांभाळायचे. आमच्याकडे कंत्राटावर ऑपरेटर. टायपिंग एका बोटाने, पण समोरचा माणूस खरंच गिरणीतला आहे की नाही हे दोन प्रश्नांत ओळखायचे.

"शेवटचा दिवस होता, बाई," सावंत म्हणाले. "परबांकडे सर्व्हिसचा दाखला नव्हता. म्हटलं, जा, घरून घेऊन या. गुडघे गेलेत त्यांचे, दीड तास लागला. तोवर मी फॉर्म उघडाच ठेवला. बंद केला असता तर परत लायनीत शेवटी. पाचला तर खिडकी बंद."

"आणि बाकीची लाइन?"

"बाजूची पोरगी रजेवर होती ना, तिच्या मशीनवर घेतली. मिलमध्ये पण असंच करायचो. लांबून येणारा असला की मस्टरवर त्याची ओळ थोडा वेळ कोरी ठेवायची. लगेच गैरहजर नाय मारायचं."

"परब आल्यावर सेव्ह दाबलंत?"

"दाबलं ना! इंग्लिशमध्ये काहीतरी आलं. ओके केलं. फॉर्म कोरा झाला. नेहमी तसंच होतं की."

ते इंग्लिशमध्ये काय आलं असेल, हे मला न बघताच कळलं.

आमच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स एका वेळी ठराविक कनेक्शनपुरतंच होतं. शेवटच्या आठवड्यात गर्दी वाढली, जादा ऑपरेटर आले, आणि त्यांना लॉगिनच मिळेना. कारण काही मशीन नुसतीच उघडी पडलेली. म्हणून मी टाइमआउट लावला. अर्धा तास कुणी हात लावला नाही, की सर्व्हर ते कनेक्शन तोडणार. गंमत अशी की तुटल्याचं स्क्रीनवर कळत नाही. फॉर्म आहे तसा दिसत राहतो. सेव्ह दाबल्यावरच सांगतो, की कनेक्शन नाही, नोंद झाली नाही. हे सगळं मी केबिनमध्ये बसून ठरवलं आणि इंग्रजीत एक सर्क्युलर ई-मेलने पाठवून मोकळी झाले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

लॉग काढला. सर्व्हरवर काय घडलं याची तो मिनिटागणिक नोंद ठेवतो. सावंतांच्या मशीनचं कनेक्शन दुपारी तुटलेलं होतं. तो कागद घेऊन मी आमचे साहेब, देसाई, यांच्याकडे गेले.

"साहेब, सेटिंग माझं होतं. त्या माणसाची एन्ट्री माझ्यामुळे गेली."

"सर्क्युलर काढलं होतंत ना?"

"काढलं होतं."

"मग ऑपरेटर एरर."

"नाही, साहेब. परबांचं नाव घ्या म्हणून वर लिहू या. मी लॉग जोडते."

देसाईंनी कागद नीट वाचला. "यात कनेक्शन तुटलं एवढंच आहे. त्यावर कुणाचा फॉर्म होता, ते कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. साहेब बरोबर होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

तरी मी लिहिलं. पहिल्याच वाक्यात स्वतःची चूक लिहिली. महिन्याभराने उत्तर आलं: यादी अंतिम आहे, हस्तलिखित पावती ग्राह्य नाही. त्याच सुमारास सावंतांचं कंत्राट संपलं, ते पुढे वाढवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला कुणी एक मेमोसुद्धा दिला नाही.

परब उत्तर विचारायला आले, तेव्हा मी सगळं सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं. त्यांना टाइमआउट कळला नसावा. नाव येणार नाही, एवढं कळलं.

"सावंताक कोणी काय बोलू नुकात," ते म्हणाले. "तो माझ्यासाठी थांबलो हुतो."

सावंत आता इथे नाहीत, हे सांगताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही. ते कठडा धरून जिना उतरून गेले. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

पुढे टाइमआउट मी काढला नाही. तो लागतोच. कनेक्शन तुटण्याआधी स्क्रीनवर मराठीत सूचना येईल अशी सोय केली. नव्या अ‍ॅडमिनना एवढंच सांगते, की कुठलंही सेटिंग करण्याआधी एक दिवस ऑपरेटरच्या मागे खुर्ची टाकून बसा.

तो लॉग मी नंतर पूर्ण वाचला. शेवटच्या दिवशी अशी नऊ कनेक्शन तुटली होती. त्यातली किती नुसतीच पडून होती आणि किती कुणासाठी उघडी ठेवली होती, मला माहीत नाही. विचारायला एकटे परबच आले.