समाजमंदिरातली झोप

आमच्या गावच्या समाजमंदिराचे किस्से तिथल्या सतरंज्यांसारखे आहेत. एक ओढायला जावं, तर चार अंगावर येतात. आणि गंमत म्हणजे, बहुतेक किश्शांत कोणीतरी झोपलेलं असतं!

दोष इमारतीचाच. शाहूवाडीच्या डोंगरात, भातशेतीच्या कडेला दगडी भिंती, वर कौलं, खाली गार शहाबादी फरशी. दुपारी खिडकीतून भाताचा वास येतो आणि डोळे आपोआप जड होतात. आत बसलं की आपण जागे आहोत की नाही, तेच कळेनासं होतं.

गावाने ते श्रमदानाने बांधलं. वडील सांगायचे, ओढ्यातले दगड वाहून वाहून माणसं आधीच थकलेली. त्यात उद्घाटनाला तालुक्याचे एक पाहुणे आले आणि भाषणाला लागले. बघता बघता पहिली रांग झोपली, मग दुसरी. पाहुणे बिचारे ओशाळून मध्येच थांबले, तर अख्खा गाव दचकून जागा झाला.

माझे आजोबा म्हणाले, "पावणं, का थांबलासा? चालू द्या की. बरं चाललं हुतं."

*

लग्नंही तिथेच लागतात. एकदा जयसिंगपूरहून नवरीकडची मंडळी आली, मुहूर्त जवळ आला, वाजंत्री सुरू झाली आणि नवरदेव गायब! नवरीचा बाप घामाघूम. शेवटी पंगतीसाठी कोणी सतरंज्यांचा ढीग उपसला, तर त्यात नवरदेव. फेट्यासकट गाढ झोपलेला.

ती नवरी आज आमच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. नवऱ्याविषयी विचारलं की म्हणते, "उठवूनच लगीन लावलंय. अजून रोज उठवायला लागतंय."

*

आता शामूतात्यांचं ऐका. तात्या इचलकरंजीला यंत्रमागावर होते. कायम रात्रपाळी, आणि दिवसा शेडला लागून असलेल्या खोलीत झोप. भिंतीपलीकडे माग धडधडत असायचे. ते थांबायचे फक्त लाईट गेल्यावर. त्यांच्या बायको, पारूकाकी, इकडे शेती बघत होत्या. तात्या घरी यायचे ते सणासुदीला.

म्हातारपणी ते कायमचे गावी आले. काकींनी कोंबड्या परसात हाकलल्या, गल्लीतल्या पोरांना दमात घेतलं, घर अगदी चिडीचूप केलं. आणि तात्यांचा डोळाच लागेना! माणूस दिवसेंदिवस वाळत चालला. काकींना सुचेनासं झालं.

एका दुपारी तात्या सहज समाजमंदिराच्या हॉलमध्ये आले. एकीकडे आमच्या गटाच्या शिलाई मशिनी चालू, दुसरीकडे भजनी मंडळाची तालीम. तात्या भिंतीला टेकले आणि घोरायला लागले.

भजनीबुवा चिडले. "मी अभंग म्हणतोय आणि ह्यो निजतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी तात्या उशी घेऊनच आले.

*

पुढे तिथे एक सोयरिकीची बैठक बसली. पाहुणे भले. कोपऱ्यात झोपलेला म्हातारा बघून त्यांनी आम्हाला मशिनी थांबवायला सांगितल्या आणि हळू आवाजात बोलायला लागले. हॉल शांत झाला.

तात्या ताडकन उठून बसले. "लाईट गेली काय रं?"

सगळे पोट धरून हसले. काकी त्यांना न्यायला आल्या होत्या, त्या तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उभा जल्म घर सोडून निजलासा. आता तरी घरात निजा की."

मला त्या दिवशी काकींसाठी फार वाईट वाटलं.

*

यंदा कौलं उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं. हॉल बंद. भजनीबुवा लेकाकडे गेले, तालीम थांबली. तात्यांनी आता निजायचं कुठं, याची सगळ्या गावाला काळजी.

मशिनी घरोघरी ठेवायला वाटत होतो, तेव्हा काकी आल्या. आयुष्यात कधी बटण न लावलेली बाई म्हणाली, "मला बी एक द्या."

"कुठली देऊ, काकी?"

"कुणाला नको आसंल ती."

सगळ्यात जास्त खडखडणारी मशीन आम्ही दोघींनी उचलून त्यांच्या घरी, पुढच्या सोप्यात नेऊन ठेवली.

काही दिवसांनी गणवेशांचं काम आलं, म्हणून ती मशीन परत मागायला मी गेले. दुपारची वेळ. दार उघडं होतं आणि सोप्यात तिरपं ऊन आलेलं. तात्या गाढ झोपले होते. उशाशी बसून काकी पायाने मशीन चालवत होत्या. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. चाक फिरत होतं आणि काकी तात्यांकडे बघत होत्या.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मशिनीचं नावही न काढता मी चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर मागे फिरले.

"पाय वाजवत जा की गं," काकी मोठ्यानं म्हणाल्या.