टॅब घेऊन गेलात, टॅब घेऊन या

किस्से जमवायला मला कुठे जावं लागत नाही. एक नियम काढायचा, तो फिरतीवरच्या माणसांना नीट समजावून सांगायचा आणि संध्याकाळी ती परत येईपर्यंत वाट पाहायची. किस्सा हजर!

आमचं ऑफिस सीताबर्डीला, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानांच्या वर. आम्ही एका विमा कंपनीसाठी पिकांची पाहणी करतो. आमची माणसं टॅब घेऊन गावोगाव जातात, शेताचे फोटो काढतात, शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, बँकेचा खाते नंबर भरून आणतात. हे सगळं सांभाळणं माझ्याकडे.

मागे एकाचा लॅपटॉप रेल्वेत राहिला आणि तो गेला तो गेलाच. विमा कंपनीने तेव्हाच साहेबांना ऐकवलं, "पुन्हा असं झालं तर तुमचं काम बंद." काम बंद म्हणजे ऑफिस बंद, आणि सगळ्यांत आधी मी बंद! म्हणून मी भिंतीवर नियम लावले. आमची माणसं ते सगळे पाळतात. अडचण तीच आहे.

*

पहिला नियम होता, 'प्रवासात टॅब छातीशी धरावा.' आमची शुभांगी कुहीकडे धानाच्या पाहणीला निघाली. ऊन मरणाचं. टॅब तापू नये म्हणून तिने तो ओढणीत नीट गुंडाळला आणि छातीशी धरून बसमध्ये बसली. शेजारच्या म्हातारीने सरकून जागा दिली.

"किती महिन्याचं झालं वं?"

शुभांगीला वाटलं, टॅबचंच विचारतेय. म्हणाली, "आठ महिने झाले."

"गरीब दिसते. रडत नाही काय?"

"आवाज बंद करून ठेवला मी."

म्हातारी जरा मागे सरली. "अन् तोंडावरून तं कपडा काढ वं! आतमंदी कोंडून मरन ना ते!"

"मरू दे मावशी," शुभांगी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "घरी गेल्यावर चार्जिंगले लावतो मंग."

कंडक्टरने घंटी मारली. बस थेट सरकारी दवाखान्यासमोर थांबली!

*

नियमांतून साहेबही सुटत नाहीत. विमा कंपनीसमोर आकडे मांडायला ते रेल्वेने मुंबईला निघाले, तेव्हा मी त्यांच्या लॅपटॉपला एक काळसर काच लावून दिली. समोर बसलेल्यालाच स्क्रीन दिसते, बाजूच्याला नुसता अंधार. साहेब खूश होते.

गाडीने वर्धा सोडलं आणि त्यांचा फोन आला. "अरे, लॅपटॉप गेला! चालू होतो, आवाज येतो, पण स्क्रीन काळी. आता उद्या मी काय दाखवू?"

बॅटरी, केबल, सगळं विचारून झालं. मग म्हटलं, "सर, लॅपटॉप तुमच्या समोर सरळ आहे ना?"

"सरळ कसा राहील? पुढे जेवणाचा ट्रे आहे. जरा तिरपा ठेवलाय."

एवढ्यात फोनमध्ये शेजारच्या प्रवाशाचा आवाज आला, "साहेब, इकडून तं एकदम मस्त दिसून राहिलं! तिसऱ्या ओळीतली बेरीज तेवढी चुकली तुमची."

बेरीज खरंच चुकली होती.

*

आमचा विलास सगळ्यांत आज्ञाधारक. फुकटच्या वायफायला टॅब जोडायचा नाही, हे त्याला तोंडपाठ. लॉजवाल्याने आपणहून वायफाय देऊ केलं, तर याने त्याला सुरक्षेवर लेक्चर दिलं. रात्री डेटा मात्र वेळेवर आला.

मी विचारलं, "पाठवला कसा? तिथे तर नेटवर्क नसतं."

"एक दुसरं वायफाय ओपन होतं ना सर."

"कोणाचं?"

"ते नाही माहीत. पण त्याचं नावच 'सेफ झोन' होतं!"

*

त्याच विलासचा काटोलचा किस्सा. नियम होता, 'टॅब लोकांच्या नजरेस पडू देऊ नये.' एका बागायतदाराच्या गाडीतून तो फळबाजारात उतरला. गर्दी पाहून त्याने टॅब एका क्रेटमध्ये संत्र्यांखाली घातला, वर पुन्हा संत्री रचली आणि निश्चिंत मनाने तर्री-पोहे खायला गेला.

पोहे अर्धे झाले असतील, मला फोन. "सर, टॅब लिलावात निघाला!"

"काहून? कोणी काढला?"

"कोणी नाही सर. तो क्रेटमंदीच हाय. क्रेट निघाला!"

आता भर बाजारात 'यात टॅब आहे' असं ओरडायची सोय नव्हती. लिलाव पुकारणारा तोच क्रेट उचलून दाखवत होता, "वजन पाहा भाऊ! फळ कसं भरलेलं हाय!" शेवटी विलासनेच बोली लावली. शर्टाच्या खिशाला ऑफिसचं कार्ड लावलेला माणूस एवढ्या तळमळीने बोली लावतोय म्हटल्यावर व्यापाऱ्यांना वाटलं, मालात काहीतरी खास आहे. त्यांनी भाव चढवला. विलासने अख्खा ढीग घेतला, तेव्हा कुठे टॅब हाती आला.

पुढे बरेच दिवस ऑफिसात चहाऐवजी संत्री होती. साहेब सोलता सोलता म्हणाले, "हे बिल मी कशात टाकू?"

विलास म्हणाला, "डेटा रिकव्हरीत टाका ना सर."

*

आणि ढोमणे काका. आमच्यात सगळ्यांत वडील. उमरेडच्या विणकराच्या घरातले, लहानपणापासून मागावर बसलेले. धाग्याने बोटांवरच्या रेघा इतक्या झिजल्या आहेत की टॅब त्यांचा अंगठा ओळखतच नाही. पहिल्या दिवशी ते टॅबला म्हणाले होते, "सारं गाव ओळखते मले, तूच काहून नाही ओळखत गा?" मला तेव्हा हसू आलं नाही, वाईट वाटलं. मग त्यांच्यापुरता पासवर्ड ठेवला. तो त्यांनी स्वतः ठरवला. मी विचारला नाही, कारण 'ऑफिसातल्या कोणालाही पासवर्ड सांगू नये' हा नियम माझाच.

एकदा काका उमरेडला बसमधून उतरले आणि टॅब सीटवरच राहिला. बस पुढे भिवापूरला निघून गेली. टॅबमध्ये आसपासच्या गावांतले सगळे शेतकरी होते, खाते नंबरांसकट. मी दुपारच्या बसने उमरेडला पोचलो. काका डेपोत बाकावर बसले होते, शांत.

"फोन आला होता," ते म्हणाले. "टॅबच्या मांगं माहा नंबर हाय ना, त्याच्यावर. म्हणे, डेपोतून बोलून राहिलो, टॅब सापडला. तुमचाच हाय याची खात्री कराची हाय, पासवर्ड सांगा."

"तुम्ही सांगितला नाही ना, काका?"

"सांगतला ना! चारदा सांगतला. डेपोवाला आपल्या हापिसातला थोडीच हाय?"

मी बाकावर बसलोच. विमा कंपनी, साहेब, माझी नोकरी, सगळं डोळ्यांसमोर आलं. त्याहून वाईट म्हणजे त्या शेतकऱ्यांची खाती.

"मग? काय म्हणाला तो?"

"काय म्हणन! माह्यावरच भडकला. शिव्या देल्ल्या अन् फोन कापला."

तेवढ्यात चौकशीच्या खिडकीतून हाक आली. भिवापूरची बस परत आली होती आणि टॅब कुणीतरी खिडकीच्या कट्ट्यावर टाकून गेलं होतं. खिडकीतला माणूस म्हणाला, डेपोतल्या कुणीच फोन केला नव्हता. मी टॅब हातात घेतला. धड होता, आणि अजून पासवर्डच मागत होता.

"काका, आज नियम बाजूला ठेवा," मी म्हणालो. "तुमचा पासवर्ड काय हाय?"

"काहून."

"काहून म्हंजे? तुमी तो चोराले सांगतला म्हणून!"

"काहून!" काका पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

"अहो काका, आतमंदी डेटा हाय का गेला, ते उघडून पाहाचं हाय म्हणून!"

काकांनी खिडकीतल्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपाळावर हात मारला.

"अस्संच गा! तो बी अस्साच बोंबलून राहिला होता!"