विमला टीचरचं अर्धं वाक्य

धारवाडच्या केलगेरीत राहणाऱ्या विमला टीचरनी सारी नोकरी शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवण्यात घालवली. मुख्य वाक्य कुठलं, गौण कुठलं, त्यांना जोडणारं उभयान्वयी अव्यय कुठलं, हे त्यांच्या कितीतरी विद्यार्थ्यांना अजून पाठ आहे. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं तुटलं. समजायचं सगळं, तोंडातून मात्र एकेक सुटा शब्द यायचा. "खिडकी." आता ती उघडायची की लावायची? नवरा श्रीकांत अंदाज बांधायचे, चुकायचे, आणि टीचर रडकुंडीला यायच्या.

मग हुबळीहून प्रीती येऊ लागली. वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करणं हे तिचं काम, आणि ती टीचरचीच विद्यार्थिनी. पहिल्यांदा तिनं चित्रांची कार्डं पुढं ठेवली. टीचरनी ती ढकलून दिली. लहान पोराचा खेळ त्यांना अपमानासारखा वाटला.

प्रीतीनं कार्डं गोळा करून पिशवीत टाकली. मग वर्गात टीचर म्हणायच्या तशाच सुरात म्हणाली, "आय केम लेट बिकॉज..."

"...द बस वॉज लेट," टीचरच्या तोंडून आपसूक निघालं. त्या स्वतःच दचकल्या.

प्रीतीनं लगेच मराठीत धरलं. "टीचर, मला हा चहा नको, कारण..."

टीचर कपाकडे बघत राहिल्या. ओठ हलले, अडले. "कारण... ह्यांनी... केलाय."

श्रीकांत इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

तिथून वाट सापडली. प्रीती अर्धं वाक्य द्यायची, टीचर उरलेलं शोधायच्या. 'पण' आणि 'किंवा' लवकर आले. 'जरी-तरी'नं महिनोन्महिने छळलं. कन्नड तर अजूनही मधेच दगा देते, पण टीचर आता बहिणीशी फोनवर भांडू शकतात, आणि श्रीकांतना त्याचाही आनंद आहे.

परवा निघताना प्रीती चपला घालत होती. टीचर दारापर्यंत आल्या. "तू आलीस," त्या म्हणाल्या, "म्हणून..." पुढचा शब्द येईना. प्रीतीला तो ठाऊक होता, पण तिनं सुचवला नाही. एक पाय चपलेत, एक बाहेर, तशीच उभी राहिली.

"म्हणून मी ह्या घरात बोलते आहे. नुसती... बसलेली नाही."

प्रीतीनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.