ओठ झाला, टाळू राहिली

मे महिना, दुसरा सोमवार, दुष्काळाचं पहिलं वर्ष. सकाळी हजर: आठवड्याच्या मोफत शिबिरासाठी परदेशातून आलेले दोन सर्जन, त्यांच्या भूलतज्ज्ञ बाई, त्यांच्या तीन सिस्टर, आपल्याकडचे एक बालरोगतज्ज्ञ, सरकारी दवाखान्यातून रजा टाकून आलेल्या आम्ही दोघी सिस्टर, वॉर्डातल्या मावशी, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. आणि व्हरांड्यात सतरंज्यांवर फाटलेल्या ओठांची लेकरं व त्यांची माणसं.

"ड्रायव्हर कशाला हजेरीत?" माझी मैत्रीण म्हणाली.

"तो आला नाही तर बाकीच्यांची हजेरी लावून काय करायचंय?" मी म्हटलं.

दवाखाना एका ट्रस्टचा, शहराच्या कडेला. बांधला तेव्हा भोवती ज्वारीची रानं होती म्हणे. आम्ही गेलो तेव्हा चारी बाजूंनी इमारती उठत होत्या, प्रत्येकीचं स्वतःचं बोअर, आणि दवाखान्याचं बोअर मार्चमध्येच आटलेलं. हात धुवायला, फरशी पुसायला, हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायला, सगळ्याला टँकर.

तिथं फुकट राबायला का गेलीस, असं अजून विचारतात. वर्षभर मी सरकारी वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन मुलं सांभाळते. कोण बरं होऊन गेलं, कोण नुसतंच गेलं, याचा मेळ लागत नाही. इथं आठवडाभर तरी एक खाट, एक मूल, एक काम आणि ते पूर्ण, असं मिळेल असं वाटलं होतं.

माझ्याकडे ठरलेली कामं होती. ऑपरेशनआधी मूल उपाशी आहे ना ते बघणं, ताप बघणं, नंतर रक्तावर लक्ष ठेवणं, आणि घरी जाताना आयांना समजावून सांगणं. शेवटचं काम मराठीत करायचं म्हणून माझ्याकडे.

खुलताबादच्या पलीकडच्या एका गावातून एक मुलगी आली होती. आठ महिन्यांची, हलकी, डोळे मोठे. ओठ नाकपुडीपर्यंत फाटलेला आणि आत टाळूही दुभंगलेली. अशा मुलांना चोखता येत नाही. आई चमच्याने थेंब थेंब दूध पाजत होती. आई विशीची. तिच्या सासूचा आवाज मात्र व्हरांडाभर.

"गरवार बाईनं गिराण लागल्यावर इळी धरावी का? तुमीच सांगा, शिष्टर. हजारदा म्हटलं, गप पडून राहा. हिनं वांगी चिरली."

"आजी, विळीचा आणि ओठाचा काही संबंध नाही."

"मग कामून झालं?"

"पुष्कळ कारणं असतात. बऱ्याचदा कळतही नाही."

"कळत नाय ना? मग वांग्यानंच झालं."

शेजारच्या बाया हसल्या. सुनेने मान वर केली नाही, चमचा तेवढा चालू ठेवला. आमच्या घरी ग्रहण पाळत नाहीत. ग्रहण लागलं की माझे वडील मुद्दाम ताट घेऊन दारात जेवायला बसायचे, गल्लीला दिसावं म्हणून. त्यामुळे अशा बोलण्यावर माझं पटकन डोकं फिरतं. पण समोर काम होतं. मी ताप बघितला आणि पुढच्या सतरंजीवर गेले.

ओठाचं ऑपरेशन चांगलं झालं. मुलगी वॉर्डात आणली तेव्हा आईच्या आधी सासूने हात पुढे केले. बराच वेळ बघितलं. टाक्यांवरून बोट फिरवलं, पण हवेतूनच, न टेकवता.

"सुटलं गिराण," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या मागे पाण्याचा आवाज आला, म्हणून मी तावातावाने गेले. सासूने सुनेला धुण्याच्या दगडावर बसवलं होतं आणि गावाहून आणलेला पिण्याच्या पाण्याचा कॅन तिच्या डोक्यावर ओतत होती. ग्रहण सुटल्यावर अंघोळ करतात, तशी. बाकीच्या आया घोळका करून बघत होत्या.

"आजी, अहो प्यायचं पाणी आहे ते! दिवसभर काय पिणार?"

"पिऊ की कुठूनबी. आज हिला मोकळी करायचीय."

सून डोळे मिटून बसली होती. दोन्ही हातांनी ती पाणी चेहऱ्यावर दाबून धरत होती, सांडू नये म्हणून. कॅन रिकामा झाल्यावर सासूने तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि जमलेल्या बायांना मोठ्याने सांगितलं, "झालं गेलं. आता कुणी काय बोलायचं नाय."

घरी जायच्या दिवशी मी आयांना एकत्र बसवलं. टॉर्च आणि चमचा घेऊन प्रत्येकीला तिच्या मुलाच्या तोंडात दाखवलं. ओठ झाला, टाळू राहिली. पुढच्या वर्षी हे परदेशी पाहुणे येतील तेव्हा टाळू शिवायची, मूल बोलायला लागायच्या आत. राहिली तर खाणं नाकातून येत राहील आणि बोलणंही नाकातून येईल, कुणाला कळणार नाही. सासू तेव्हा बाहेर गाडी बघायला गेली होती. सुनेने सगळं नीट ऐकून घेतलं. "व्हय बाई. मी सांगते घरी."

पुढच्या वर्षीही पाऊस नव्हता. पाहुणे येण्याआधी मी टाळू राहिलेल्यांना फोन लावले. या मुलीसाठी गावातल्या किराणा दुकानाचा नंबर दिलेला होता. दुकानदार म्हणाला, निरोप देतो. उत्तर नाही. मग एका रविवारी मी खुलताबादपर्यंत बसने आणि पुढे काळीपिवळी जीपने गेले. गावात टँकरची वाट बघत ड्रम ओळीने मांडलेले. सासू दारातच भेटली आणि तिने मुलीला उचलून माझ्यासमोर धरलं.

"बगा शिष्टर, टाका तरी दिसतो का? लगीन करायला मोकळी."

खरंच, बारीक रेघ तेवढी होती. मी तोंड उघडायला सांगणार, तेवढ्यात सून आली आणि "दुधाची वेळ झाली" म्हणत मुलीला आत घेऊन गेली. दाराकडे पाठ करून बसली, पोरीला मांडीवर उभी धरलेली. एक घोट झाला की पदर पोरीच्या नाकाशी.

"हिची सर्दीच जात नाय," सासू मला म्हणाली. "आणि हिला दुसऱ्या कुनाच्या हातून पाजलेलं चालत नाय. लई लाड."

सून मला काळीपिवळीपर्यंत सोडायला आली. वाटेत ती बोलली. ओठ फाटलेली पोर झाल्यावर तिला माहेरी धाडायचं आणि नवऱ्याला दुसरी करायची, अशी बोलणी भावकीत चालू होती. त्या अंघोळीनंतर ती बंद झाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"आत्याबाईंनी चारचौघींत अंगावर पाणी घातलं माझ्या. तवापासून माझ्या हातचं खातात. आता सांगू का, आत अजून फाटलेलंच हाय म्हणून? परत दिवस गेलेत मला, बाई."

"आणि पोरीचं काय?"

ती चालत राहिली.

मी कामाचं बोलले. सांग की घशात गाठी आहेत, म्हणून सर्दी जात नाही. गाठी काढायच्या आहेत. आमच्या सरकारी दवाखान्यात हे जमलं नसतं. तिथं डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन खाटेशी उभे राहतात आणि फाटकी टाळू, फाटकी टाळू असं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलतात. पाहुण्यांचं बोलणं मात्र सासूला कळणार नव्हतं. मराठीत बोलणारी मी आणि माझी मैत्रीण, आणि आमची तोंडं आमच्या हातात होती.

"गाठी," ती दोनदा पुटपुटली, पाठ केल्यासारखी. मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "येते."

ती आली. सासूही आली. नाव उशिरा घातलं म्हणून मुलीचा नंबर गुरुवारी लागला, टाळूच्या ऑपरेशनांच्या शेवटच्या दिवशी. शुक्रवारी पाहुणे टाळूला हात लावत नसत. टाळूतून रक्त जायची भीती असते आणि ते बघायला सर्जन हवा. शनिवारी त्यांचं विमान.

गुरुवारी सकाळी टँकर आला नाही. पाणी भरायच्या ठिकाणी वीज नव्हती. ड्रायव्हर फोनवर म्हणत होता, "रांगेत उभा हाय मॅडम, निघालोच समजा." दुपारपर्यंत तो 'निघालोच समजा'वरच होता. टाकीत होतं त्या पाण्यात पहिल्या मुलांची हत्यारं झाली. शेजारच्या बांधकामावर मी बादल्या घेऊन मावशींना पाठवलं. वॉचमनने एक बादली दिली आणि फाटक लावून घेतलं. मुलगी पहाटेपासून उपाशी, रडून रडून गळून गेलेली. आई तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. सासू भिंतीला टेकून बसली होती. मी चहा पुढे केला तर म्हणाली, "पोरगी उपाशी हाय. मला काय करायचा चहा."

टँकर आला तेव्हा चार वाजून गेले होते. भूलतज्ज्ञ बाईंनी घड्याळ बघितलं, मुलीला बघितलं आणि नकाराची मान हलवली. त्यांचं बरोबर होतं; हत्यारं तयार होईपर्यंत रात्र झाली असती, आणि इतकं उपाशी, गळालेलं मूल भुलीला धोक्याचं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. बाहेर येऊन मी सांगितलं, आज होत नाही, पुढच्या वर्षी.

सुनेने खांद्यावरच्या पोरीचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं, इतकंच. सासू उठली, पिशवी उचलली. "चला. गाठीच हायत म्हणल्यावर काय घाई हाय."

पुढच्या वर्षी पाहुणे आले नाहीत. पाण्याची खात्री द्या, असं त्यांनी कळवलं होतं. ट्रस्टने दिली नाही. कशाच्या जोरावर देणार? मग ते दुसऱ्या कुठल्या शहरात गेले. नंतर पाऊस झाला, टाकी भरली, पण ते परत आले नाहीत. तो वॉर्ड आता सोनोग्राफीला दिलाय. भोवतीच्या इमारती पूर्ण झाल्या, गॅलऱ्यांतून कपडे वाळत असतात.

सुनेच्या नवऱ्याला वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी काम होतंच. त्याने सगळ्यांना तिथल्याच बजाजनगरला आणलं, सासूसकट. सुनेला मुलगा झाला, ओठ-टाळू सगळं नीट. तिच्याकडे आता स्वतःचा मोबाइल आहे, म्हणून पत्ता मिळाला. यंदा मार्चमध्ये मी गेले. पत्र्याची खोली, बाहेर ओटा. मुलगी पहिलीत होती. मला बघून ती काहीतरी म्हणाली. आवाज सगळा नाकातून, शब्दाला कडा नाहीत. मी वाकून पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. मला पुन्हा कळलं नाही.

"पानी देऊ का इचारती," आई आतून म्हणाली. "मला तिचं सगळं कळतं."

तेवढ्यात नळाला पाणी आलं. सून हंडे घेऊन धावली, मुलगी कळशी घेऊन मागे. सासू ओट्यावर डाळ निवडत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "शिष्टर, त्या गाठी कधी निघायच्या?"

"आजी..."

"ठावं हाय गाठी नाईत. दूध नाकातून येतंय, मला काय डोळे नाईत व्हय? पयल्यापास्नं ठावं हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून? पोराचा चुलता दुसरी पोरगी बघून आलता. समद्यांम्होरं अंगावर पाणी घालून मी हिला मोकळी केली, म्हणून टिकली. आता म्या तोंड उघडलं का समदं परत सुरू."

"निदान तिला सांगा, तुम्हाला माहीत आहे म्हणून. मी आमच्या दवाखान्यात तारीख घेते."

"तुमच्या दवाखान्यात आमचं अर्धं गाव पडलेलं असतंय. आणि तिला सांगायचं नाय. मला भिऊन झाकती, म्हणून नीट झाकती." तिने डाळीतला खडा काढून रस्त्यावर फेकला. "पाहुणे परत येत असले तर सांगा. त्यांचं बोलनं कुनाला कळत नाय."

मी म्हटलं, ते येणार नाहीत.

"मग राहू द्या."

आता टाळू शिवली तर खाणं नाकातून यायचं तेवढं थांबेल. बोलणं बसलंय ते बसलंय. वर्षानुवर्षं शिकवणारं कुणी असेल तर थोडं सुटेल. ते कुठे आणि कोण, हे मला माहीत आहे, आणि ही मुलगी तिथं जाणार नाही, हेही.

निघताना सून रिक्षापर्यंत आली. शाळेत हजेरी घेताना पोरीने "हजर" म्हटलं की वर्ग हसतो, म्हणाली. बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवलंय, ज्यांना काही येत नाही त्यांच्यात. आईने बाईंना सांगितलंय, लाजाळू आहे.

"मी भेटते बाईंना," मी म्हटलं.

"टाळूचं काढू नका. त्या वर्गात आमच्या भावकीतली दोन लेकरं हायत."

बाईंना सांगायचं ते तयार आहे: मुलगी हुशार आहे, ऐकू नीट येतं, पाटीवर उत्तर लिहायला सांगा, पुढे बसवा. त्या विचारतील, मग हिला झालंय काय? तिथं माझं अडतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली, मुलगी दुसरीत गेली, बाई त्याच आहेत. मी अजून गेलेले नाही.