मामांची फुली

माझ्या बायकोच्या मामांना स्वर्गात नेलं, तर तिथेही ते आधी चौकटीचा कागद मागतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. नौपाड्यातल्या त्यांच्या घरी मी डोंबिवलीहून दर रविवारी शेअरचे आलेख शिकायला जायचो. मोबाइलवर सगळं आयतं मिळत असताना हा गृहस्थ जेवणाच्या टेबलावर कागद पसरून पेन्सिलीने भाव चढला की एका घरात फुली, उतरला की गोळा काढत बसायचा! तारीख नाही, वार नाही. भाव फारसा हललाच नाही, तर कागद महिनाभर तसाच. "किरकोळ हालचालीला भुलायचं नाही, जावईबापू. उलट दिशेने तीन घरं आल्याशिवाय वारं फिरलं म्हणायचं नाही!" हा नियम त्यांनी संसारालाही लावलेला. मामी रुसल्या की मला हळूच म्हणायचे, "एकच घर आहे, चहा मिळेल." आणि मिळायचाही. फक्त खोडरबराचा भुगा दिसला की मामींचा पारा थेट तीन घरं चढायचा. "अहो, कचरा! माणसं जेवतात इथे!" मग मामा निमूटपणे फडकं आणायचे.

गेल्या वर्षी मामींना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलतील, कदाचित नाहीही बोलणार. मामा कागद घेऊन पलंगाशी बसू लागले. मी आपला जात राहिलो. शिकवण्यात त्यांचं लक्ष नव्हतं, शिकण्यात माझं. एकदा बघतो तर काय, मामा कोऱ्या कागदावर खसाखसा रबर घासतायत आणि भुगा सगळा मामींच्या पांघरुणावर.

"अहो मामा, काही काढलंच नाही, तर खोडताय काय?"

"तुम्ही गप्प बसा हो!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर प्रत्येक रविवारी मी गप्पच बसलो.

परवाच्या रविवारी मामी बराच वेळ त्या भुग्याकडे बघत होत्या. कपाळाला आठी पडली. ओठ थरथरले. "क... च..." एवढंच आलं. मामांनी कागद ओढला आणि भलीमोठी फुली काढली.

मी पडलो हट्टी विद्यार्थी. "मामा, हे तर एक घरसुद्धा नाही. नियमात बसत नाही."

"नाही ना बसत?" डोळे पुसत मामा म्हणाले. "मग खोडून दाखवा बघू!"

मी पांघरूण झटकायला हात पुढे केला, तर त्यांनी तो घट्ट धरला.

"राहू द्या हो. अख्खी बोलणी खायचीयत मला अजून."