कोठीतल्या तांदळाचा डोस

गिरणीत धान भरडलं का तांदूळ माणूस जपून घरी नेते, कोंड्याकडं कोणी पाहत नाही. तरी कोंडा साचत राहतेच. दवाखान्याचंही तसंच आहे. औषध पोटात जाते, डॉक्टरचा कागद कुठंतरी हरवते, अन् किस्से मात्र कोपऱ्यात साचत जातात. मी चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही. काना-मात्रा चुकला तर चालवून घ्या, नाहीतर वाचू नका!

माझी नात नंदू आठवीत आहे. हुशार पोट्टी, पण बूड एका जागी टिकत नाही. भाताकडं लक्ष दे म्हटलं तर भात करपते, अन् ही बांधावर बगळे पाहत उभी. शाळेतून रोज चिठ्ठी. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "आता एक तक्रार आली का दुसरी शाळा पाहा." सालेकशाकडच्या आमच्या गावात दुसरी शाळा म्हणजे पोट्टी घरी बसणार, एवढं मलाही समजते.

म्हणून माझ्या पोरानं, सुरेशनं, गोंदियाच्या एका खाजगी दवाखान्यात फोनवर नंबर लावला. डॉक्टर नागपूरचा, शनिवारी गोंदियाला बसते. त्यानं बिमारीचं नाव सांगितलं, एडीएचडी.

मी म्हटलं, "आमच्या काळात याले उंडगेपणा म्हणत."

डॉक्टर म्हणाला, "म्हणूनच तुमच्या काळातले कितीतरी पोट्टे वाया गेले, आजोबा!"

दोन-चार नावं माझ्याच डोळ्यापुढं आली. त्यातला एक तर माझा सख्खा भाऊ होता.

*

डॉक्टरनं सगळ्यात लहान नंबरची, म्हणजे कमी ताकदीची, गोळी लिहिली. म्हणे, आधी ही देऊन पाहू, शाळेत काय फरक पडते ते सांगा, मग वाढवू, मग पुन्हा पाहू. माझं डोकं सरकलं. दर वेळी गाडी, रिक्षा, बाकड्यावर ताटकळणं!

"डॉक्टरसाहेब, काय ते एकदाच पुरं द्या न. आमाले वावरात कामं आहेत."

त्यानं मान वर केली नाही. "वावरात युरिया एकदाच टाकता का?"

"एकदाच टाकला तर धान लोळते न जी!"

"मग?" म्हणाला.

सुरेश पहिल्यांदा दवाखान्यात हसला. त्याच्यावर मी गाडीत ओरडलो.

*

त्या बाकड्यावर आमची हळूहळू ओळख झाली. सौंदडचा धनराज तिथं असे. पंपाच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करून बांधायचं दुकान आहे त्याचं. चाळिशी ओलांडल्यावर त्याला हीच बिमारी निघाली. त्याच्या दुकानात मोटारी खोलून ठेवलेल्या, अर्ध्या बांधलेल्या, वर्षानुवर्षं तशाच. गिऱ्हाईक शिव्या देऊन दुसरीकडं जात.

तिसऱ्यांदा डोस वाढवला अन् धनराजला गोळी लागू पडली. पठ्ठ्यानं दुकान बंद करून सगळ्या जुन्या मोटारी बांधून काढल्या! मग एकेका मालकाला फोन लावत बसला.

मी विचारलं, "काय गा धनराज, नेल्या का मोटारी?"

"कायच्या नेतात, काका! सगळ्यायनं कवाच नव्या घेतल्या." मग फोनमधला एक नंबर मला दाखवला. "एकाच्या पोरानं फोन उचलला. म्हणे, बाप गेला, बोअर बी आटली. आता मोटार कोणाले लावू?"

*

एकदा मेडिकलमध्ये नंदूच्या नंबरची गोळी नव्हती. ही गोळी सगळे ठेवत नाहीत, अन् जे ठेवतात ते डॉक्टरचा ताजा कागद पाहिल्याशिवाय हात लावत नाहीत. दुकानदार माझ्याकडं असा पाहे जसा काही मीच नशा करायला आलो! म्हणाला, "बाबा, छोटा नंबर सोमवार को आएगा. बड़ावाला है, पर डॉक्टर से पूछ के लेना."

डॉक्टरनं कागदावर पुढचा मोठा नंबरही लिहून ठेवला होता. मी म्हटलं, दे बे. मोठी असली तर अर्धी करू, त्यात विचारायचं काय!

घरी आमच्या बुढीनं, नंदूच्या आजीनं, अडकित्ता काढला अन् गोळीचे दोन तुकडे केले. दुपारी शाळेतून फोन. नंदूचे हात थरथरून राहिले, छातीत धडधड होऊन राहिली. घरी आणली तेव्हा म्हणे, "आजा, छातीत गिरणी चालू आहे."

सुरेशनं डॉक्टरला फोन लावला. तो फोनमधूनच असा गरजला का कोंबड्या पळाल्या. ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची असते, तोडली का सगळं औषध एकदम बाहेर येते. लगेच जवळच्या डॉक्टरला दाखवा, म्हणाला. दाखवलं. संध्याकाळपर्यंत उतरलं.

शनिवारी डॉक्टरनं बुढीला समोर बसवलं. "आजी, ती गोळी तोडायची नसते."

बुढी म्हणाली, "मंग तुटली कशी?"

*

गोळीनं भूक मरते. धानाच्या घरात पोट्टी डबा जसाच्या तसा परत आणते म्हणजे काय, हे धानाच्या घरालाच विचारा. बुढी डबा उघडे अन् डोळ्याला पदर लावे. दर वेळी दवाखान्यात वजन कमीच भरे. डॉक्टर म्हणाला, "वजन आणखी उतरलं तर मला औषध बंद करावं लागेल." इकडं औषध बंद तर तिकडं शाळा बंद. अशी अडचण!

मग एक नवल झालं. नंदू जेवू लागली. गालावर तेज आलं. पण शाळेतून पुन्हा चिठ्ठी, पोरगी वर्गात टिकत नाही. डॉक्टर म्हणाला, डोस कमी पडते. वाढवला. फरक नाही. आणखी वाढवला. फरक नाही!

मग बुढी भाचीच्या लग्नाला बहिणीकडं गेली. सून सकाळी अंगणवाडीत जाते, म्हणून गोळी द्यायचं काम बुढीकडं होतं, ते तेवढ्या दिवसांसाठी सुनेकडं आलं. सुनेनं कागदावरचा वाढवलेला नंबर दिला, अन् त्याच दिवशी नंदू दगड झाली. बोलेना, हसेना, खाईना. भिंतीकडं पाहत बसली.

दुपारी सून तांदूळ काढायला कोठीपाशी गेली, अन् सुपात तांदळासोबत गोळ्या आल्या.

बुढी परतली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. ती तेवढ्याच जोरात म्हणाली, "पोट्टी जेवत नाही तं डॉक्टरच्या नंबरले चाटू का मी?"

सुरेशनं डॉक्टरला सगळं सांगितलं. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "म्हणजे इतके दिवस मी तुमच्या कोठीतल्या तांदळाचा डोस वाढवून राहिलो होतो!"

त्या वर्षी आमचा तांदूळ मात्र लय शांत होता!

*

डॉक्टरनं पुन्हा खालून सुरुवात केली. गोळी आता सून अंगणवाडीत जायच्या आधी स्वतः देते, पोट्टी पोटभर जेवल्यावर.

या वेळचा फरक मला दिसला. पहिले मी नंदूवर ओरडायला लागलो का ती अर्ध्यातच पळून जाय. माझं तोंड खराब आहे, गावाला माहीत आहे. डोक्यात भुसा भरला काय, तुझ्यापरीस म्हैस बरी, असं काहीबाही निघते तोंडातून. आता पोट्टी पळत नाही. मान खाली घालून उभी राहते, माझं पुरं होईपर्यंत.

मी सुरेशला म्हटलं, "लागू पडली बे गोळी!"

*

दरेकशाची शेवंताबाई आमच्याच गाडीनं नातवाला घेऊन येत असे. पोरगा नंदूएवढाच. बाई दर वेळी डॉक्टरसाठी चारोळी आणे अन् दर वेळी भांडे.

"उन्हाळ्यात गोळी बंद करा, डॉक्टरसाहेब. तेंदूपत्त्याच्या दिवसात याच्यासारखा पोट्टा नाही. एका झाडापाशी टिकत नाही म्हनून तं सगळ्यायपेक्षा जास्त पानं आणते."

डॉक्टर हसला. शाळेला सुट्टी असेपर्यंत बंद ठेवू, म्हणाला. शाळा उघडली का घेऊन या, पुन्हा लहान नंबरापासून पाहू.

शाळा उघडली. धानाची रोवणी झाली. बाकड्यावर शेवंताबाई दिसेना. एकदा सालेकशाच्या बाजारात भेटली, सुकलेली मोहफुलं विकायला घेऊन बसली होती.

मी म्हटलं, "काय वो, पोट्ट्याले आणत नाही?"

"जंगलात त्याले बिमारीच नाही न जी," ती म्हणाली. "आता बाराही महिने तिकडंच ठेवलं."

मी भाव केल्याशिवाय काही घेत नाही. त्या दिवशी ती म्हणेल त्या भावानं मोहफुलं घेतली.

*

मागच्या शनिवारी आम्ही झाडून सगळे गेलो. आज डोस पक्का करू, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. वजन काट्यावर जरा चढलं होतं, शाळेची चिठ्ठी आली नव्हती. हाच नंबर ठेवायचा का खालचा करायचा, एवढंच ठरायचं होतं.

सुरेश म्हणाला, हाच ठेवा, अभ्यास होते. सून म्हणाली, रात्री झोप उशिरा लागते, पण चालते. बुढी म्हणाली, जेवण अजून चिमणीएवढंच आहे. मी म्हटलं, "हाच ठेवा, साहेब. आता पोट्टी ऐकते!"

डॉक्टरनं हात वर करून आम्हा सगळ्यांना थांबवलं. "तुम्ही चूप बसा. इतके दिवस तुमचंच ऐकलं." मग खुर्ची नंदूकडं वळवली. "गोळी तू खातेस. तू सांग, काय फरक वाटते?"

नंदूनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पयले आजा बोलाले लागला का अर्ध्यातच माहं ध्यान बाहेर जाय, सर. बगळ्याकडं, गाडीकडं, कुठं बी. आता जात नाही. आजा जे जे बोलते ते सगळं ऐकू येते. शेवटपर्यंत. अन् रात्री याद बी राहते."

"अरे वा!" डॉक्टर खूश झाला. पेन उघडला. "मग डोस एकदम बरोबर बसला. हाच ठेवू न?"

नंदूनं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"जरासा कमी होईल का, सर?"