मावशींनी पाठवलेला आवाज

मालाची लिफ्ट चालवणाऱ्या मावशी एकोणिसाव्या वर्षी डोक्यावर विटांची पाटी घेऊन बांधकामावर आल्या, आणि गेली अकरा वर्षं लिफ्टचं बटण त्यांच्याच हाती होतं. "सासूच्यापेक्षा हिचे नखरे मला जास्त कळतात," असं त्या खुशाल सांगत.

त्या सोमवारी सेफ्टीच्या मॅडमनी सगळ्यांच्या मोबाइलवर एक ॲप घालून दिलं. धोका दिसला की फोटो काढायचा, दोन शब्द बोलायचे, पाठवायचं. लाल बटण दाबलं, तर तपासणी होईपर्यंत ते यंत्र कुणीही चालवायचं नाही.

"आता चहात माशी पडली तरी फोटो!" मुकादम म्हणाले. सगळे खिदळले.

मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ अशाच एका बांधकामावर कुजकी फळी मोडून पडला होता, कायमचा लंगडा झाला होता. चार दिवसांनी अपघातांच्या वहीत नोंद झाली ती 'पाय घसरला' अशी. तोवर फळीही गायब.

गुरुवारी सकाळी चौथ्या खेपेला, लिफ्ट सातव्या मजल्यापाशी पोचली आणि वरून 'टक्' असा आवाज आला. उतरताना पुन्हा तेच. मावशींचे कान टवकारले. फिटरनं खालूनच मान वर केली.

"काही दिसत नाही, मावशी. चालवा!"

दिसत नाही, तर फोटो कशाचा काढायचा? मावशींनी क्षणभर विचार केला, रेकॉर्डिंग चालू केलं, लेकीनं दिलेला नवाकोरा फोन रुमालात गुंडाळून लिफ्टच्या जाळीला घट्ट बांधला आणि रिकामी लिफ्ट वर सोडली. फोन चालला आभाळात! लिफ्ट खाली येताच त्यांनी फोन कानाला लावला. टक्! टक्! अगदी स्वच्छ. त्यांनी तो आवाज पाठवला आणि लाल बटण दाबलं.

मुकादम तणतणत आले. "वर माणसं हातावर हात धरून बसलीत! एका टक्‌साठी?"

"हो, एका टक्‌साठी!" मावशी बटणासमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पाच मिनिटांत मॅडम धावत आल्या. तो आवाज त्यांनी वाटेतच दोनदा ऐकला होता. फिटर पट्टा बांधून लिफ्टच्या खांबावर चढला. खाली सगळ्यांच्या माना वर.

"खांबाच्या सांध्याचे दोन बोल्ट गळालेत!" तो वरून ओरडला. "तिसरा हातानं फिरतोय!"

पुढच्या खेपेला वर जायच्या लोखंडी सळ्यांचा ढीग तिथंच पडला होता. लिफ्टखालून रोज येजा करणारे गवंडी त्या ढिगाकडे बघत राहिले. मग एकच गलका उठला! कुणी टाळ्या पिटल्या, कुणी मावशींचं हेल्मेट ठोकलं. मॅडमनी नोंद मोठ्यानं वाचली, "नऊ वाजून चाळीस मिनिटं, सातवा मजला, कळवणाऱ्या लिफ्टवाल्या मावशी."

मावशींनी तिथूनच भावाला फोन लावला. "अरे, दहा मिनिटांत लिहिलं गेलं! आता कुणाला खोडता यायचं नाही!" भावानं सगळी हकिगत तीनदा सांगायला लावली.

संध्याकाळपर्यंत ॲपवर आणखी चार नोंदी आल्या. त्यातली एक मुकादमांची होती, जिन्याला कठडा नसल्याची. फोटोत बराचसा त्यांचा अंगठाच आला होता, पण बोलणं खणखणीत होतं.